मारुतीच्या कमरेइतकं ऑईल

नाशिकला गोदावरीचा पूर फुटांत मोजत नाहीत, मारुतीत मोजतात. रामकुंडाच्या खालच्या अंगाला दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या पायाला लागलं की गोदाकाठचे टपरीवाले आवराआवर करतात. कमरेला लागलं की दुकानांतला माल वरच्या फळीवर चढतो. छातीला लागलं की पुलावर एक गर्दी बघ्यांची आणि दुसरी त्यांना हाकलणाऱ्यांची होते. आणि गळ्याशी आलं की आमचे काका खुर्चीतून न उठता म्हणतात, "आता लाईट जाणार." ते म्हणतात आणि लाईट जाते. या एका योगायोगामुळे गल्लीत काकांविषयी आदरही आहे आणि संशयही.

आमचा वाडा पंचवटीत, सीतागुंफेकडून नदीकडे उतरणाऱ्या एका बोळात आहे. वाडा आता नावालाच. अर्धा पाडून तिथे स्लॅब टाकलाय, उरलेला अर्धा आपण होऊन पडायच्या विचारात आहे. पुरात काठालगतची वीज मुद्दाम बंद करतात आणि त्यात काही चूक नाही. पाण्याचं आणि विजेचं एका घरात पटत नाही. पण हा समंजसपणा लाईट असताना सुचतो. २०१९ च्या ४ ऑगस्टला, रविवारी, मारुती पुरता बुडाला आणि आमच्याकडे काळोख झाला. इन्व्हर्टर होता. पण इन्व्हर्टर म्हणजे पुंजी, कमाई नव्हे. सगळ्यांनी पंखे, टीव्ही, मोबाइल लावून ती पुंजी रात्री दहापर्यंत उडवली आणि मग मेणबत्ती शोधायला मेणबत्ती नव्हती.

त्या अंधारात काकांनी भीष्मप्रतिज्ञा केली. "१९६९ चा पूर पाहिला, २००८ चा पाहिला, २०१६ चा पाहिला, हा चौथा. चारही वेळा अंधारात जेवलो. पाचव्यांदा जेवणार नाही. जनरेटर आणायचा."

"जेवणार नाहीस म्हणजे उपास करणार आहेस का?" आत्याने अंधारातून विचारलं. आत्या काकांहून मोठी. त्यामुळे घरात काकांना 'अरे' म्हणणारं एकच माणूस उरलंय आणि ते आपलं काम चोख बजावतं.

जनरेटर आम्हाला अगदीच परका नव्हता. २००५ नंतरची ती भारनियमनाची वर्षं आठवतात. एकलहऱ्याला एवढं मोठं औष्णिक केंद्र, वीज नाशिकच्या उंबरठ्यावर तयार होते आणि नाशिककर पुठ्ठ्याने वारा घेत बसतात, असा तो काळ. तेव्हा मेनरोडच्या दुकानांच्या पायऱ्यांवर थरथरत्या पेट्या उभ्या असायच्या. काही तर पेट्रोलवर सुरू करायच्या आणि मग रॉकेलवर चालवायच्या. वास असा की साडी घरी आणली तरी आठवडाभर तिला दुकान सुटायचं नाही. आवाज असा की घासाघीस खुणांनी करावी लागे. दुकानदाराने पाच बोटं दाखवली की गिऱ्हाईक तीन दाखवायचं. मेनरोडवर एवढा शांततामय व्यवहार पुन्हा झाला नाही.

म्हणजे जनरेटर ऐकला होता, हुंगला होता. सुरू मात्र कोणी केला नव्हता.

आणायचं ठरल्यावर घरातल्या मागण्या मी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडल्या. यंत्र दोन हजार वॉटच्या आसपासचं घ्यायचं होतं. पंखे चार, प्रत्येकी ७५. फ्रिज चालताना दीडशे, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. बायकोचा मिक्सर साडेसातशे. पाण्याची मोटार एक हॉर्सपॉवर, म्हणजे कागदावर ७४६ वॉट. पण मोटारीचा स्वभाव नव्या जावयासारखा, बसल्यावर भागतं थोडक्यात, आगत-स्वागतालाच चौपट लागतं. मुलाने गिझर सुचवला. गिझर एकटाच दोन हजार. म्हणजे मुलाची आंघोळ होईस्तोवर बाकीच्यांनी काळोखात बसायचं आणि तो स्वच्छ होऊन आला की आम्हाला दिसणार नाही. काकांना टीव्ही हवा होता. पूर गच्चीतून दिसत असताना तो बातम्यांत बघायचा होता.

"तुला काय हवं, आत्या?"

"देवघरातला दिवा."

नऊ वॉट. बिलाच्या पाठीवर एवढी गरीब मागणी दुसरी नव्हती.

यंत्र आलं ते शुक्रवारी. दोन हमालांनी ते अंगणात ठेवलं. लाल रंग, चकचकीत टाकी, काळी दोरी आणि तिला मूठ. काका त्याच्याभोवती तीनदा फिरले. त्यांना वाटलं पाहणी, आत्याला वाटलं प्रदक्षिणा. ती हळद-कुंकू घेऊन आली. टाकीवर स्वस्तिक निघालं. नारळ फुटला. उचलायच्या दांड्याला एक भोक होतं, तिथे उदबत्ती खोचली गेली. निरांजन पेटलं. आणि या सगळ्याला शोभा म्हणून काकांनी सकाळीच आणलेला पेट्रोलचा डबा शेजारी ठेवला. तो डबाही सहज मिळाला नव्हता. पंपावर काका आधी सरबताची प्लास्टिकची बाटली घेऊन गेले होते आणि तिथल्या पोराने त्यांना वय न बघता परत पाठवलं होतं. मग पत्र्याचा डबा. मग तो डबा गाडीवर हातात धरून नव्हे, खाली जमिनीवर टेकवून भरायचा, कारण स्थिर विजेची एक ठिणगी पुरते, असं त्या पोराने बजावलं. काका घरी येऊन म्हणाले, "हल्लीची पोरं फार भित्री."

तेवढ्यात शेजारचे गुरुजी रामकुंडावरून परतत होते. दशक्रियेचं काम उरकलेलं, ओल्या धोतराचा सोगा हातात. दारातून त्यांनी निरांजन बघितलं, डबा बघितला, आणि घाई करणाऱ्या यजमानाला थांबवायचा जो खास आवाज त्यांच्याकडे असतो तो लावला.

"आक्का, ते निरांजन आधी तुळशीपाशी न्या. उदबत्तीही काढा."

"का हो गुरुजी? अग्नी नको पूजेला?"

"अग्नी त्याच्या पोटातच आहे. बाहेरून दाखवायची गरज नाही."

शास्त्रही हेच सांगतं, फक्त गुरुजींइतकं सुटसुटीत नाही. पेट्रोल पेटत नाही, पेटते ती त्याची वाफ. ती शून्याखाली चाळीस अंशांवरही पेट घेण्याइतकी निघत असते, मग नाशिकच्या हवेचं काय सांगावं! शिवाय ती हवेहून जड. वर जाऊन विरत नाही. शेजाऱ्याच्या मांजरासारखी जमिनीलगत सरपटत, कोपरे हुंगत फिरते आणि कुठे निखारा, शेगडी, निरांजन सापडलं की आल्या वाटेने मालकाला घेऊन परत येते. इंजिन तापलेलं असताना टाकी भरू नये, ते याचसाठी. आधी बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, मग ओतायचं. तेही टाकीच्या तोंडापर्यंत नाही. उन्हाने पेट्रोल फुगतं, त्याला जागा ठेवायची.

निरांजन तुळशीपाशी गेलं. काका पुढे सरसावले. काळारामाच्या रथोत्सवात चैत्रातल्या कामदा एकादशीला रथाची दोरी ते चाळीस वर्षं ओढत आलेत, आणि दोरी दिसली की त्यांच्या अंगात ती एकादशी संचारते. त्यांनी "जय सीताराम" म्हटलं आणि मूठ धरून ओढलं. यंत्र म्हणालं, "फुर्र." पुन्हा ओढलं. "फुर्र." मुलगा मोजत होता. पंधराव्या ओढीला काकांनी शर्ट काढला. पंचविसाव्याला बोळ जमा झाला. तिसाव्यापासून निदान सुरू झालं. एकाने प्लगवर बोट ठेवलं, दुसऱ्याने कार्बोरेटरवर. तिसरा म्हणाला, पेट्रोलच भेसळीचं. चौथ्याने कशालाही हात न लावता "तुम्हाला माल खराब लागला" असं सांगितलं आणि घरी गेला. पंचवटीत निदान करायला यंत्र उघडावं लागत नाही. एकेचाळिसाव्या ओढीला काकांच्या खांद्यातून 'कट्' असा आवाज आला. सकाळपासून त्या अंगणात सुरू झालेली ती पहिलीच गोष्ट.

गुरुजी मात्र ओट्यावर बसून खोक्यातलं थर्माकोल चाळत होते. त्याच्या तळातून त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतलं एक पुस्तक काढलं. आमच्यापैकी कोणालाही ते असेल असं वाटलं नव्हतं, म्हणजे असणार हे माहीत होतं पण वाचायचं असतं हे माहीत नव्हतं. गुरुजींनी चष्मा लावला, पुस्तक पोथीसारखं मांडीवर घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. ज्या माणसाने आयुष्यभर 'आधी आचमन, मग प्राणायाम, मग संकल्प' हा क्रम एकदाही मोडला नाही, तो चौथ्या पानावरून सुरुवात करणार नव्हता.

"गंमत आहे," थोड्या वेळाने ते म्हणाले. "सुरू कसं करावं याला अर्धं पान. सुरू करण्याआधी काय करावं याला अकरा पानं."

"पानं वाढवायला लिहितात हो ते," खांदा चोळत काका म्हणाले.

"मंगलाष्टकं दहा मिनिटं चालतात. मग सहा महिने तुम्ही काय करत होतात मुलीच्या लग्नात?"

काका गप्प झाले. गुरुजींनी पान उलटलं. "हं. 'यंत्र कारखान्यातून पाठवताना इंजिनमध्ये ऑईल भरलेलं नसतं.'"

अंगणात शांतता पसरली. काकांनी एकेचाळीस वेळा जे इंजिन ओढलं होतं त्यात तेलाचा थेंब नव्हता. आणि ते सुरू झालं नाही, हा त्याचा दोष नव्हता, शहाणपणा होता. आत एक सेन्सर असतो. ऑईल कमी असलं की तो ठिणगीच पडू देत नाही. कोरड्या पोटी धावलं तर दट्ट्या आणि सिलिंडर एकमेकांना घासून काही मिनिटांत इंजिन जॅम होईल, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे सगळं अंगण त्याला ओढत असताना ते एकटं 'नाही' म्हणत उभं होतं. आमच्या घरात आत्याखेरीज हे धैर्य कोणी दाखवलेलं नाही.

ऑईल आणलं. अर्ध्या लिटरच्या आतबाहेर लागतं. टोपीलाच पट्टी असते, ती पुसायची, बुडवायची, काढून बघायची. पट्टीवर दोन खुणा. खालच्या खुणेच्या खाली तर इंजिन कोरडं. वरच्या खुणेच्या वर तर ऑईल नको तिथे चढतं आणि धूर निघतो.

"नीट सांग रे, कुठवर हवं ते," आत्या म्हणाली.

मला सुचेना. गुरुजींनी पट्टी उजेडात धरली. "आक्का, कमरेच्या वर आणि गळ्याच्या खाली."

"मारुतीच्या?"

"मारुतीच्या."

आत्याला जन्मात कधी एवढी तांत्रिक गोष्ट इतक्या लवकर कळली नव्हती. मलाही नाही. पुराला जायचं, पुलावर गर्दी करायची, पाणी कुठवर आलं ते बघून गावभर सांगायचं, ही पट्टी बघायची सवय आम्हा नाशिककरांच्या रक्तात आहे. फक्त पट्टी स्वतःच्या घरात असली की बघायची नाही, एवढाच आमचा नियम.

ऑईल भरलं. तरी यंत्र गप्प. पट्टी म्हणत होती गळ्याशी आलंय, सेन्सर म्हणत होता पोट रिकामं आहे. दोघंही खरं बोलत होते, खोटं बोलत होतं अंगण. आमच्या अंगणाला मोरीकडे उतार आहे, पणजोबांनी मुद्दाम ठेवलेला. सगळं ऑईल एका बाजूला जमलं होतं. मग आत्याने देवघरातले दोन पाट आणले, खालच्या अंगाला सरकवले आणि वर ताटात पाणी घालून ठेवलं. पाणी ताटाच्या काठाला सगळीकडून सारखं लागलं तेव्हा यंत्र सपाट झालं आणि पट्टी खरं बोलू लागली. अजून थोडं ऑईल बसलं.

आता पुढचा प्रश्न, हे ठेवायचं कुठे. काकांची योजना साधी होती: पाऊस लागू नये म्हणून पडवीत, जिन्याखाली. गुरुजींनी पुस्तकातली मानवी कवटीची खूण दाखवली.

इथे मी थोडा वेळ हसू बाजूला ठेवतो. पेट्रोल इंजिनच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला बिलगतं आणि मग प्राणवायूला बसायला जागा उरत नाही. आधी डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं वाटतं, झोप येते. पुराच्या रात्री जागलेल्या माणसाला झोप येणारच, म्हणून कोणाला शंकाही येत नाही. अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाच्या हिशेबाने तिथे दरवर्षी शंभराच्या आसपास माणसं घरगुती जनरेटरच्या या वायूने जातात. वादळाने वीज गेली की बिचारे गॅरेजमध्ये यंत्र लावतात आणि दार थोडं उघडं ठेवतात. आपल्याकडे गॅरेज नाही, पण पडवी आहे, जिना आहे, अर्धं ओढलेलं शटर आहे. अर्धवट उघडं म्हणजे उघडं नव्हे. यंत्र बाहेरच हवं, धुराचं तोंड घराकडे नको, आणि घराच्या दारं-खिडक्यांपासून निदान वीस फूट अंतर हवं.

वीस फूट म्हणजे किती, यावर अंगणात वीस मतं पडली. टेप मिळेना. आत्या आत गेली आणि धुतलेलं लुगडं घेऊन आली. "नऊवारी आहे. वाराचे तीन फूट. मोज." सत्तावीस फूट! वीसच्या वर सात फूट शिल्लक. एक टोक मी आत्याच्या खिडकीच्या गजाला धरलं, दुसरं घेऊन मुलगा परसात विहिरीकडे गेला. लुगडं ताणलं तिथे, कुंपणाच्या कडेला, शेजाऱ्यांच्या खिडकीपासूनही लांब, यंत्राची जागा ठरली. वर चार खांबांवर पत्रा, चारही बाजू मोकळ्या. तेव्हापासून आमच्याकडे नियम एका ओळीचा आहे: एक लुगडं लांब.

पण लुगडंभर लांब गेलेल्या यंत्रातली वीज घरात आणायची कशी? यावर काकांचं संशोधन तयार होतं. त्यांनी एक लांब वायर घेतली होती आणि तिच्या दोन्ही टोकांना पिना बसवल्या होत्या. एक पिन जनरेटरमध्ये, दुसरी घरातल्या कुठल्याही सॉकेटमध्ये. "आख्ख्या घरात लाईट. एक स्विच बदलायचा नाही." ते वायर गळ्यात माळेसारखी घालून उभे होते. खरं सांगतो, मलाही युक्ती आवडली होती.

आमच्या भागात एक वायरमन मामा आहेत. तीस वर्षं लाईनमन होते, आता निवृत्त. अर्थिंग करून द्यायला त्यांना बोलावलं होतं. मामांनी वायर बघितली. पिनांची उघडी पितळी टोकं अंगठ्याने चाचपली.

"ही दुतोंडी कोणी बनवली?"

"मी," काका म्हणाले. आवाजात छातीपर्यंत अभिमान.

"पंचवटीत दुतोंड्या एक आहे, तेवढा पुरे." मामा ओट्यावर बसले. "एक टोक जनरेटरला लावलं की दुसऱ्या टोकाची पिन हातात जिवंत. ते एक झालं. दुसरं असं की बोर्डाची लाईट गेली म्हणजे तार तुटत नाही, काका. तार तशीच असते, तुमच्या मीटरपासून खांबापर्यंत, खांबापासून डीपीपर्यंत. तुमच्या घरातली वीज त्याच तारेने उलटी बाहेर जाणार. डीपी अकरा हजाराचे दोनशेतीस करतो ना? उलटं गेलं की दोनशेतीसचे अकरा हजार करतो. त्याला काय, कुठूनही आलं तरी सारखंच."

कोणी काही बोललं नाही.

"आम्ही वर चढायच्या आधी लाईन अर्थ करतो. पण पाऊस असतो, रात्र असते, वरून दहा फोन असतात. एखादा चुकतो. खाली लाईट नसते म्हणून तर आम्ही वर असतो, काका."

हे त्यांनी अगदी साध्या आवाजात सांगितलं, रेशनची रांग किती होती ते सांगावं तसं. काकांनी गळ्यातली वायर काढली. स्क्रू-ड्रायव्हर मागितला. ओट्यावर बसून त्यांनी एका टोकाची पिन स्वतःच्या हाताने सोडवली, स्क्रू एकेक करून वाटीत ठेवले. खांदा दुखत होता, तरी कोणाला हात लावू दिला नाही.

मामांनी मीटरशेजारी चेंजओव्हर बसवला. दांडा वर तर बोर्डाची वीज, खाली तर जनरेटरची. दोन्ही एकदम कधीच नाही. २००५ साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या, महावितरण आलं, बिलावरचं नाव बदललं, पण पंचवटीत लाईट अजूनही बोर्डाचीच जाते आणि बोर्डाचीच येते. दांड्यावर मामांनी खडूने तसंच लिहिलं.

रविवारी सकाळी मुहूर्त लागला. गुरुजी पुस्तक घेऊन पाटावर. त्यांनी अकरा पानांचा एक विधी करून आणला होता, प्रत्येक कृतीनंतर यजमानाने 'झालं' म्हणायचं.

"पाट सपाट?"

"झालं."

"ऑईल?"

आत्याने पट्टी पुसून, बुडवून, उजेडात धरली. "कमरेच्या वर. झालं."

"पेट्रोल गळ्याशी नाही ना? टोपी घट्ट? सांडलेलं पुसलं? कुठे निखारा, विडी, निरांजन?" इथे त्यांनी आत्याकडे बघितलं. "एअर फिल्टरवर कापड राहिलं नाही ना? सगळा लोड काढला? ब्रेकर खाली?"

झालं, झालं, झालं.

"पेट्रोलचा कॉक उघडा. चोक ओढा. स्विच चालू. आता दोरी. रथासारखी नाही हो! आधी हळू ओढा. अडतं तिथे थांबा. आता एकदम. आणि मूठ सोडू नका, हाताने परत पोहोचवा."

काकांनी डाव्या हाताने, हळू, अडेपर्यंत ओढली, थांबले, आणि मग ओढली. तिसऱ्या ओढीला ते लाल यंत्र एकदा खोकलं आणि धडधडायला लागलं. बोळातली कुत्री पळाली. काकांनी दोन्ही हात वर केले, त्यातला एक दुखल्यामुळे लगेच खाली आला. ते ब्रेकर वर करायला धावले तसे गुरुजी ओरडले, "थांबा! यजमान, चोक आत. दोन-तीन मिनिटं नुसतं चालू द्या. दम घेऊ द्या त्याला." मग दांडा खाली, आधी फ्रिज, म्हणजे जो सुरू होताना जास्त ओढतो तो, मग पंखे, मग दिवे. पंगतीत आधी लहान मुलं बसतात. इथे उलट, आधी आडदांड पाहुणे, मग पोरं. सगळ्यात शेवटी देवघर. नऊ वॉट.

हे सगळं होईपर्यंत घरात बोर्डाची लाईट व्यवस्थित होती. पूर ओसरून दोन आठवडे झाले होते.

पुढच्या वर्षी सप्टेंबरात ते पुन्हा अडून बसलं. आठ महिने कोणी हात लावला नव्हता. कार्बोरेटरमधलं जुनं पेट्रोल आटून त्याचा चिकट राप बसला होता. मेकॅनिक म्हणाला, एक तर बंद करताना कॉक लावून आतलं पेट्रोल संपेपर्यंत चालवा, नाहीतर महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं थोडा लोड देऊन फिरवा. महिन्यातून एकदा, हे कोणाच्या लक्षात राहणार? आत्याच्या राहिलं. दर संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत ती परसात पट्टी पुसत बसते, काका हळू दोरी ओढतात, आणि पंधरा मिनिटं लुगडंभर अंतरावर गणपतीचं वाहन नसलेलं एक वाहन घुरघुरत असतं. शेजारी आता त्या आवाजाने उपास सोडतात.

मला वाटतं, आपल्याला शुभारंभ फार आवडतो. फीत कापणं, नारळ, दोरीची पहिली ओढ. आरंभाच्या आधीचं जे मुकाट, कंटाळवाणं, गुडघे टेकून करायचं असतं, ते पुस्तकात थर्माकोलखाली राहतं. तीर्थाच्या गावात राहून एवढं तरी कळायला हवं होतं, की इथे स्नानाला बुडी एक असते आणि बाकी सगळा विधी काठावर होतो.

परवाच्या पावसात काका पुलावर गेले होते. तिथून फोन आला, "मारुतीच्या छातीला लागलं!" आत्याने फोन कानाशी धरूनच परसातून उत्तर दिलं, "आपल्याकडे कमरेच्या वर आहे. ये तू."

काका आले आणि लाईट गेली. योगायोग शाबूत आहे. मी चेंजओव्हरचा दांडा खाली केला. गुरुजींच्या यादीतलं सगळं 'झालं' झालं. काकांनी मूठ धरली आणि सोडली. छत्री घेऊन ते लुगडंभर अंतर परत चालत आले, घरातून थेट पुढच्या दारात गेले आणि बोळाच्या तोंडाशी असलेल्या खांबाकडे बघत उभे राहिले. चेंजओव्हर लावल्यापासून त्याची गरज नाही, मामांनी दहादा सांगितलंय. तरी ते बघतात. पावसात, अंधारात, मान वर करून, वर कोणी आहे का.

"अरे," आत्या आतून ओरडली, "बघून झालं असेल तर ओढ. देव अंधारात आहे."